घोड्याशेजारची जागा

माझी धाकटी बहीण आयुष्यात कधी रांगेत उभी राहिलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. बँक, तिकीट, दवाखाना, जिथे म्हणून थांबावं लागतं तिथे तिच्या वतीनं दुसरंच कोणीतरी थांबलेलं आहे. लहानपणी मी, लग्नानंतर तिचा नवरा. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, अजूनही म्हणतो. साठी उलटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बाई एका जागी टिकत नाही. भाजी निवडायला बसली तर निम्मी निवडून उठते, आणि उरलेली आम्हाला कपड्यांच्या कपाटाजवळ सापडते.

मग अशी बाई शिल्पकार कशी झाली, असं लोक मला विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दाढी कुरवाळत दगडापुढे बसलेला कोणी गंभीर गृहस्थ असतो. भिंगरी दगडाच्या वाटेला गेली नाही. ती मेणात काम करते. मेण कोमट असतं तोवर म्हणाल तसं वळतं, गार झालं की अडून बसतं. त्यामुळे हात भराभर चालवावे लागतात, आणि तिला तेच हवं असतं. मेणाचं जनावर तयार झालं की त्यावर मातीचा साचा चढवतात, साचा भट्टीत जातो, मेण वितळून निघून जातं आणि ते जिथे होतं तिथे ब्राँझचा रस ओततात. मागे वळून बघायची सोय नाही. तिच्या स्वभावाला हे अगदी धरून आहे.

ती जनावरंच करते, पण माणसांच्या भानगडीत सापडलेली. वाचनालयाच्या पायरीवर तिचा पाणघोडा आहे. तो उलटं पुस्तक धरून बसलाय आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही अशा समजुतीत आहे. पोहण्याच्या तलावाच्या काठावर एक बदक आहे, ते पाण्याला घाबरतं. बसथांब्यावर एक बगळा, बस येतेय का ते बघायला रस्त्यावर इतका वाकलेला की मोटारवाले दचकतात.

आता चकाकीचं सांगते. ब्राँझवर रसायनं लावून, ज्योत फिरवून गडद रंग आणतात. माणसांचे हात वर्षानुवर्षं लागत राहिले की तो रंग झिजतो आणि खालचं पिवळंधमक अंग उघडं पडतं. दुसरे शिल्पकार यावर चिडतात म्हणे. भिंगरीला मात्र मानपत्रं, वर्तमानपत्रातली परीक्षणं, कशाकशाची पर्वा नाही. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे, चकाकी कुठे आली. पाणघोड्याचे कान चकाकतात. बगळ्याच्या मानेला लोक पिशव्या अडकवतात, तिथे एक सोनेरी पट्टा पडलाय. आणि बदकाला तर पोहायला येणारं प्रत्येक पोर मागून ढकलून बघतं, त्यामुळे त्याचं ढुंगण आरशासारखं लखलखतं. भिंगरीच्या मते ते तिचं सर्वांत यशस्वी काम.

तिचा नवरा दातांचा डॉक्टर होता. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे, मीही. शांत माणूस. मेण कोरायला दातांच्या हत्यारांसारखं दुसरं काही नाही, हा शोध भिंगरीनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात लावला. मग ते बिचारे पेशंटला आ करायला लावून घरी फोन करायचे, "अगं, माझी दात टोकरायची आकडी तुझ्याकडे आहे का?" पलीकडून, "आहे, पण आता ती मगरीच्या तोंडात आहे." डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "मिटा जरा. वेळ लागेल."

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून लाकडी खुर्च्या होत्या आणि त्या खुर्च्यांवर नेहमी माणसांपेक्षा वस्तू जास्त असत. आमच्या गावाची ही एक खोडच आहे. बसल्या जागेवर रुमाल, छत्री, चष्म्याचं घर, काहीही ठेवून माणूस उठला, की ती जागा त्याची. तो खाली जाऊन पान आणो, बाजार करून येवो, नाहीतर घरी जाऊन झोपो. तोवर बाकीचे ताटकळत उभे राहतील, पण त्या रुमालाला कोणी हात लावणार नाही. एरवी हीच माणसं एका इंचासाठी कोर्टात जातात. डॉक्टर म्हणायचे, "माझ्याकडे रुमालांचे दात जास्त दुखतात."

डॉक्टर गेल्या वर्षी गेले. आजार नाही, काही नाही. सकाळी फिरून आले, डोक्यावरची नेहमीची रुंद काठाची गवती टोपी काढून हातात घेतली, जेवणाच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत टेकले ते पुन्हा उठले नाहीत.

मी पिशवी घेऊन आले ती दहा-बारा दिवसांसाठी. अजून इथेच आहे. बहिणीजवळ कोणीतरी हवं, असं मी घरी सांगितलं. माझ्या सुनेनं ते जरा जास्तच पटकन मान्य केलं, हेही खरं. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की भिंगरी आता अजिबातच बसत नाही. पूर्वी निदान घास संपेपर्यंत टेकायची. आता ओट्याशी उभ्यानं जेवायची, उभ्यानं चहा, उभ्यानं फोन. रात्रीचं अंथरुणात किती पडते कोण जाणे. टेबलाशी डॉक्टरांची खुर्ची होती तिला मात्र ती वळसा घालून जायची, झोपलेल्या माणसाच्या बाजूनं जावं तसं.

"बस की जरा," मी म्हणायची.

"बसलेच होते."

"कधी?"

"ताई, तू काय हजेरी घेतेस का?"

त्याच सुमारास नगरपालिकेनं तिला स्टेशनसमोरच्या चौकाचं काम दिलं. चौकात एक मोठा दगडी चौथरा होता, पायऱ्या असलेला, आणि वर काहीच नव्हतं. पूर्वी घोड्यावरचा कोणी वीर होता म्हणतात. तो कोण होता आणि त्याला का काढला, यावर गावातल्या कुठल्याही दोन म्हाताऱ्यांचं एकमत होणार नाही. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसांना चार क्षण टेकायला जागा नाही, तर असं काही करा की लोक बसतील, अशी पालिकेची मागणी होती.

भिंगरीनं एका दुपारीत ते करून टाकलं, म्हणजे डोक्यात. चौथरा रिकामाच ठेवायचा. घोडा खाली उतरलाय. इतकी वर्षं पाय उचलून उभं राहून दमलाय आणि चक्क पायरीवर बसलाय, एक पाय लांब पसरून, दुसऱ्या पायाचा गुडघा वर घेऊन, ओठ लोंबलेले. शेजारी त्याचं खोगीर काढून ठेवलेलं. त्या खोगिरावर लोकांनी बसायचं, घोड्याच्या बरोबरीनं. आणि खोगिराच्या एका कडेला स्वाराची टोपी. स्वार कुठे गेला? गेला असेल चहा प्यायला.

मेणाचा घोडा मी बघितला आणि मला खदखदून हसू आलं. एवढं मोठं जनावर आणि चेहरा असा की, आता मला कोणी काही सांगू नका. हे काम तिनं झपाटल्यासारखं केलं. खोलीभर मेणाचे थेंब, दाराच्या कड्यांना मेण, माझ्या चष्म्याला मेण.

टोपी मात्र तिनं मेणात घडवली नाही. ती एक दिवस डॉक्टरांची गवती टोपी घेऊन ओताऱ्याच्या भट्टीवर गेली. मी सोबत होते. ओतारी म्हणजे तिचं ब्राँझ ओतणारा माणूस, आडदांड, सदा वैतागलेला, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचंही काम मनापासून न करणारा. त्यानं टोपी हातात फिरवली.

"बाई, ही अशी साच्यात घातली तर जळून जाईल."

"माहितीय."

"राखसुद्धा राहणार नाही. त्यापेक्षा मेणात करा की. तुम्हाला काय अवघड आहे?"

"मेणात ती माझ्या हातची होईल. मला हीच हवीय. काडी न् काडी."

मी मध्ये पडले. "अगं, ही एकच आहे त्यांची."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि भट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विटा मोजल्यासारखं करत राहिली.

ओताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. टोपी मेणात बुडाली, मग मातीत गेली, मग भट्टीत. आणि साचा फोडल्यावर जी निघाली ती हुबेहूब तीच. काठाची एक काडी सुटून वर आलेली होती, डॉक्टर बोलताना तिच्याशी चाळा करायचे, ती काडीसुद्धा जशीच्या तशी. फक्त दोन्ही हातांनी उचलावी लागेल इतकी जड. ओताऱ्यानं ती खोगिरावर पक्की जोडली.

घोडा चौकात बसला. भाषणं झाली, फोटो निघाले, बँड वाजला, सगळे घरी गेले. भिंगरी दुसऱ्या दिवसापासून चौकात.

लोक येत. थांबत. बघून हसत. पोरं घोड्याचे फोटो काढत. आणि मग पायरीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, नाहीतर फुटपाथच्या कडेवर, नाहीतर स्वतःच्या सामानावर जाऊन बसत. खोगीर रिकामं. एक महिना गेला, आणखी गेला. घोड्याचा रंग भट्टीतून आला तसाच गडद. कुठे एक ठिपका चकाकला नाही.

भिंगरी समोरच्या चहाच्या दुकानापासून स्टेशनच्या घड्याळापर्यंत आणि घड्याळापासून दुकानापर्यंत येरझाऱ्या घालायची. दुकानदार मला म्हणाला, "आजी, तुमच्या बहिणीनं माझ्या दुकानासमोरची फरशी झिजवली. तीच चकाकायला लागलीय."

"उंची चुकली असेल," ती घरी म्हणायची. "गार लागत असेल. माझा घोडा फार मोठा झाला का? भीती वाटते का त्याची?"

"त्याची कोणाला भीती? तो स्वतःच पेंगतोय."

"मग बसत का नाहीत?"

मला तरी काय माहीत. मी सांगितलं, लोक मूर्ख असतात. पण आमच्या गावचे लोक बदकाला ढकलतात, तर घोड्याशेजारी का बसत नाहीत, हे मलाही कळेना.

एक दिवस भांडी घासायची तारेची घासणी घरातून गायब झाली. मी ओळखलं. पहाटेच चौकात जाऊन बघते तर ही बाई घोड्याच्या कानाला घासणी लावून रंग काढतेय, आणि रखवालदार शिट्टी फुंकत धावत येतोय.

"ओ मावशी! सरकारी घोडा आहे तो!"

"मी केलाय तो!"

"केला असेल. आता आमचा आहे. सोडा कान."

मी तिला तिथून ओढून आणली. रस्ताभर तिचं चालू. "एकदा कुठेतरी चमकलं ना, की लोकांचे हात आपोआप जातात. सुरुवात कोणीतरी करून द्यायला हवी." म्हणजे भूक लागावी म्हणून रिकाम्या ताटावर चमचा वाजवायचा. कान छान चकाकला, आणि लोकांनी त्यालाही हात लावला नाही. कोणी तरी म्हणालं, नुकताच पुसलेला दिसतोय, डाग पडेल.

मग पालिकेच्या बाई घरी आल्या. सुशोभीकरणाचं खातं त्यांच्याकडे. तरुण, चटपटीत, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड.

"मॅडम, तुमचं काम सुंदरच आहे. पण लोक वापरत नाहीयेत."

"शिल्प म्हणजे काय बादली आहे वापरायला?" मी विचारलं.

"आजी, बसण्यासाठी म्हणूनच मंजूर झालं होतं ना. लोक फुटपाथवर बसतायत, तक्रारी येतायत. वरचे म्हणतात, सुट्ट्यांच्या गर्दीत बघू. तेव्हाही असंच असेल तर आपण घोडा पाण्याच्या टाकीमागच्या हिरवळीवर हलवू. तिथे शांत आहे."

"तिथे कोण येतं?" भिंगरीनं विचारलं.

"सध्या कोणी नाही. आणि चौकात आपण फुलांचं घड्याळ करतोय."

भिंगरी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली ती तशीच रस्त्यावर निघून गेली, चपला न घालता. मी हाका मारत राहिले. तिचं एकही काम आजवर कोणी हलवलेलं नव्हतं. टाकीमागे नेलेला घोडा म्हणजे लोकांनी नको म्हटलेला घोडा, आणि या वर्षात तिच्या हातून दुसरं काही झालेलं नव्हतं. पुढे होईल असं तिला वाटतही नव्हतं. एकदा भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली होती, "ताई, हा शेवटचा." मी म्हटलं, बदकाच्या वेळीही असंच म्हणाली होतीस. पण बदकाच्या वेळी तिच्या मागून डॉक्टर हसले होते.

सुट्ट्या लागल्या. स्टेशन माणसांनी फुललं. एक दिवस मी तिच्याबरोबर चौकात गेले आणि तिच्या येरझाऱ्यांना वैतागले. माझे गुडघे आणि माझा संयम, दोन्ही सारख्याच वयाचे. म्हटलं, बसत नाहीत म्हणजे काय, मी बसते. तरातरा गेले आणि खोगिरावर टेकणार, तेवढ्यात पायरीखाली सुटकेसवर बसलेली एक बाई म्हणाली,

"आजी, तिथं नका बसू. तिथं कोणीतरी आहे."

"कोण?"

"माहीत नाही. टोपी ठेवून गेलंय."

"अहो बाई, ती टोपी ब्राँझची आहे."

"असेल ना. पण ठेवलीय ना."

तिच्या पलीकडे एक गृहस्थ जमिनीवर रुमाल पसरून बसले होते. त्यांनी मान हलवली. "मीही मघाशी बसणार होतो. मग म्हटलं, येईल एवढ्यात. कशाला उगाच."

येईल एवढ्यात. मला रागच आला. मी भिंगरीकडे गेले आणि तिला दंडाला धरून थांबवलं.

"टोपी काढ."

"काय?"

"खोगिरावरची टोपी. लोकांना वाटतंय जागा धरलेली आहे."

"काहीतरीच काय! ब्राँझची टोपी आहे."

"मीही हेच म्हटलं. त्यांना काही फरक पडत नाही. तू कधी रांगेत उभी राहिली असतीस, कुठे वाट बघत बसली असतीस, तर तुला कळलं असतं."

"ताई, तुला शिल्पातलं काही कळत नाही."

"नाही कळत. रुमालातलं कळतं."

"ती टोपी हा विनोद आहे!"

"विनोद असता तर कोणी तरी टोपीला हसलं असतं. घोड्याला हसतात. टोपी दिसली की गप्प होतात. तू त्यांची जागा धरून ठेवलीयस, भिंगरे. आणि गाव बिचारं शहाणं, ती सोडतंय."

माझं बोलणं तिखट आहे, असं माझी सून म्हणते. असेल. भिंगरीनं हात सोडवून घेतला आणि चालू लागली.

पुढचे काही दिवस तिनं टोपी सोडून बाकी सगळं करून बघितलं. खोगिरावर उशी ठेवली, तर लोकांना वाटलं, गेलेला माणूस फारच व्यवस्थित आहे. 'कृपया येथे बसावे' असा फलक लावला. लोकांनी तो वाचला आणि फलकाशेजारच्या पायरीवर बसले. पोस्टमनला ओढून आणून बसवलं, तो अवघडून टोपीपासून अंग चोरत बसला आणि कोणी येताना दिसलं की दचकून उठायला बघू लागला. घरी तिनं कपाटं हलवली, भांड्यांच्या जागा बदलल्या, पडदे धुवायला काढून ओलेच परत लावले. फक्त टेबलाशी असलेली ती खुर्ची हलली नाही.

पालिकेच्या बाई बघायला येणार त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी चौकात होतो. ऊन कलतं होतं. भिंगरी एकदम म्हणाली, "मी बसते. मी बसले की बसतील."

"बस," मी म्हटलं.

ती गेली. पायरी चढली. खोगिरासमोर उभी राहिली. साडी सावरली. मी लांबून बघत होते. तिचा हात टोपीकडे गेला, काठाच्या त्या सुटलेल्या काडीला लागला, आणि मागे आला. मग ती आणखी एकदा साडी सावरल्यासारखं करून सरकली, घोड्याला वळसा घातला आणि त्याच्या पसरलेल्या पायापलीकडे, उघड्या पायरीवर जाऊन बसली. अगदी सुटकेसवाल्या बाईसारखी. तिचं तिलाच कळायला जरा वेळ लागला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी वर्षभरात पहिल्यांदा एका जागी थांबलेला बघितला.

मी शेजारी जाऊन बसले. काही बोलले नाही. हे मला जमतं, लोकांना वाटत नाही तरी.

"ओताऱ्याला फोन लाव," ती म्हणाली.

सकाळी ओतारी आपली कापायची मशीन घेऊन हजर. ठिणग्या उडायला लागल्या तसा घोळका जमला, आणि शिट्टी फुंकत रखवालदार.

"ओ, ओ! आता काय टोपी चोरताय?"

"माझ्या नवऱ्याची आहे," भिंगरी म्हणाली.

रखवालदार गोंधळला. त्यानं टोपीकडे बघितलं, खोगिराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब येणार नाहीत का?"

"नाही."

"अच्छा," तो म्हणाला. शिट्टी खिशात घातली आणि घोळक्याकडे वळून दोन्ही हात पसरले. "चला, मागे व्हा, मागे व्हा. बाईंची टोपी आहे. ठिणगी लागेल."

टोपी सुटली. ओताऱ्यानं ती हातात दिली तशी भिंगरी वजनानं वाकली. खोगिरावर जोडाच्या जागा उघड्या पडल्या होत्या, कच्च्या पिवळ्या. ओतारी ज्योत काढायला लागला. "रंग मारून देतो. कळणारसुद्धा नाही."

"राहू दे."

"बाई, वाईट दिसेल."

"दिसू दे."

हे बोलणं चालू असतानाच सामान घेतलेले एक गृहस्थ पायरी चढून आले आणि सरळ खोगिरावर बसले.

"अहो, गरम आहे अजून!" ओतारी ओरडला.

"असू द्या," ते म्हणाले. "पाय तुटलेत माझे." त्यांनी बूट सैल केले, घोड्याच्या खांद्याला टेकले आणि डोळे मिटले. त्यांच्यानंतर एक कॉलेजातली मुलगी. मग एक आई आणि तिचं भोकाड पसरलेलं पोर, जे घोड्याच्या लोंबत्या ओठाला लोंबकळलं आणि गप्प झालं. पालिकेच्या बाई आल्या तेव्हा खोगिरावर जागा नव्हती. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "टोपी होती ना इथे? परवानगी घेतली होती का काढायची?"

"नाही," मी म्हटलं. "परत बसवायची का?"

त्यांनी खोगिराकडे बघितलं, फुटपाथकडे बघितलं. "नको," म्हणाल्या. फुलांचं घड्याळ मग टाकीमागे झालं. चालतं की नाही, बघायला कोणी जात नाही.

टोपी घरी आली. भिंगरीनं ती कुठे ठेवली असेल? टेबलाशी, डॉक्टरांच्या खुर्चीवर. मी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन आले आणि बघितलं. म्हटलं, झालं. आता हा चौक घरात आला.

"उचल ती," मी म्हटलं. "मला बसायचंय."

"ताई, त्या बाकीच्या खुर्च्या—"

"मला तिथे ऊन लागतं. उचल."

ती नुसती उभी. मीच दोन्ही हातांनी ती टोपी उचलली. कंबरेत कळ आली, ती अजून आहे. टोपी जमिनीवर ठेवली आणि मी त्या खुर्चीत बसले. चांगली खुर्ची आहे. पाठीला बरोबर बसते. माझ्याकडे बघत भिंगरी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं समोरची खुर्ची ओढली आणि टेकली, अगदी कडेवर, पण टेकली. निम्मं जेवण झाल्यावर उठलीच, मीठ आणायला. मीठ टेबलावरच होतं. ते मी सांगितलं नाही.

टोपी खुंटीवर लावायचा प्रयत्न केला, तर खुंटी भिंतीतून निघून आली. आता ती दाराशी उपडी नाही, उताणी पडलेली असते आणि मी तिच्यात किल्ल्या टाकते. खणकन् आवाज होतो.

चौकातल्या घोड्यावर चकाकी आलीय. भिंगरी म्हणत होती ओठावर येईल, मी म्हणत होते खोगिरावर. आली गुडघ्यावर, वर घेतलेल्या त्या गुडघ्याच्या टोकावर, वाटीएवढी. आम्हाला कळेना, लोक गुडघ्याला कशाला हात लावतात. मग परवा मीच तिथे बसले होते. भिंगरीचं समोर काहीतरी चालू होतं, नव्या कामासाठी ती सिग्नलच्या खांबाची उंची वितीनं मोजत होती, कारण तिच्या डोक्यात आता दिवा हिरवा व्हायची वाट बघणं न जमणारी एक शहामृगीण आहे. माझ्याकडे बघून बघून तिला ती सुचली म्हणे.

"ताई, चल!" ती पलीकडून ओरडली.

"कुठे?"

"चल तर!"

मी उठायला गेले आणि माझा हात आपसूक घोड्याच्या गुडघ्यावर पडला. त्यावर भार दिला आणि उठले.